चिंचोके, हीर आणि मापटं: घरच्या गणिताच्या नोंदी

२ जून २०२५, येळ्ळूर (बेळगाव)

थोरलीला सहा वर्षं पुरी झाली, धाकटा चार वर्षांचा. यंदाचं वर्ष दोघांनाही घरीच शिकवायचं असं आम्ही ठरवलं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलाला वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात घेण्याची तरतूद आहे, त्यामुळे थोरली पुढच्या जूनमध्ये शाळेत जाईल तेव्हा मागे पडायला नको. गोष्टी, गाणी, वाचन यांची मला चिंता नाही. घर माणसांनी भरलेलं आहे. गणिताचं काम मात्र लिहून ठेवायचं, म्हणजे कुठं अडलं आणि कशानं सुटलं ते मागं जाऊन बघता येईल.

साहित्य सगळं घरातलं. आज गोळा केलं: चिंच फोडली तेव्हाचे चिंचोके, झिजलेल्या खराट्याचे हीर, बटणांचा डबा, कपड्यांचे चिमटे, स्टीलच्या वाट्या, इडलीपात्र, आप्पेपात्र. माळ्यावरून सासूबाईंची धान्य मोजायची जुनी मापं उतरवली: शेर, मापटं, चिपटं आणि पायली. दुकानातून अंड्यांचा एक कोरा ट्रे मागून आणला. वापरलेला पुठ्ठ्याचा ट्रे धुता येत नाही आणि कच्च्या अंड्याचे डाग मुलांच्या हाताला नकोत.

वस्तू निवडताना एकच प्रश्न विचारते आहे: या वस्तूत कोणती संख्या किंवा कोणती क्रिया नुसत्या बघण्यानं दिसते? पोतंभर चिंचोके असले तरी त्यांत दहा कुठं दिसत नाहीत, ते मोजावेच लागतात. दहा दिसायला दहा खणांचं काही लागतं. दुप्पट-निमपट दिसायला मापटं आणि शेर लागतो. वस्तू रंगीत आहे, हाताला छान लागते, एवढ्यानं ती गणिताच्या कामाची होत नाही.

सासूबाईंच्या पितळी डबीत मूठभर गुंजा निघाल्या. पूर्वी सोनार त्यांवर सोनं तोलत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. लालभडक, काळ्या टोकाच्या, एकसारख्या. मुलांनी लगेच हात पुढं केला. पण गुंज विषारी असते, बी चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. त्या तेवढ्यातच कुलपात गेल्या. कच्चा राजमाही घेणार नाही, तो पोटात गेला तर बाधतो. चिंचोके आणि बटणं फक्त थोरलीसाठी, तीही मोठं माणूस शेजारी असताना. धाकट्याला लिंबं, बटाटे, चमचे, वाट्या. घशात अडकेल असं काही नाही.

५ जून

धाकटा पंधरापर्यंत घडाघडा म्हणतो. म्हणणं आणि मोजणं वेगळं, हे आज स्पष्ट दिसलं. सात बटाटे ओळीत ठेवले. जीभ पुढं पळते, बोट मागं राहतं. कधी एका बटाट्यावर दोन आकडे, कधी एक बटाटा तसाच सुटतो. बोट धरून सावकाश मोजून घेतलं तर सातपर्यंत बरोबर आला. मग विचारलं, “मग किती बटाटे हाईत?” त्यानं पुन्हा एकपासून सुरुवात केली.

म्हणजे शेवटी उच्चारलेला आकडा हाच सगळ्यांचा मिळून आकडा, हे अजून त्याच्या ध्यानात बसलेलं नाही. गेलमन आणि गॅलिस्टल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची जी तत्त्वं मांडली, त्यांत हे एक आहे. एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम ठरलेला, मोजायला कुठूनही सुरुवात केली तरी चालते, ही त्यांतली आणखी काही. चार वर्षांच्या मुलाला ही सगळी एकदम येत नसतात. समजावून सांगून तर येतच नाहीत, कामातून येतात.

काम ठरवलं: जेवायच्या वेळी वाट्या त्यानं आणायच्या. अट एकच, एका खेपेत. पाच माणसं जेवायची असतील तर पाच वाट्या एकदम. पुन्हा पुन्हा जाऊन आणायची मुभा दिली तर तो मोजणारच नाही, कमी पडली की आणखी एक आणेल. एका खेपेची अट घातली की फडताळापाशीच मोजावं लागतं आणि ‘पाच’वर थांबावं लागतं. सासूबाईंनाही सांगून ठेवलं की मधेच “अजून एक आण रे” म्हणायचं नाही.

१२ जून

सहा कप, सहा बशा. कपांची ओळ आणि बशांची ओळ समोरासमोर. धाकटा म्हणाला, “सारखे.” मग मी बशा लांब लांब सरकवल्या. “बशा जास्त हाईत.” सासूबाई दारातून म्हणाल्या, “लांब ठेवलं म्हणून वाढतंय काय रे?” तो ठाम: “वाढलं की!”

पियाजे या मानसशास्त्रज्ञानं हा प्रयोग फार पूर्वी केला आणि या वयाची मुलं असंच उत्तर देतात हे दाखवलं. मी दुरुस्त केलं नाही. त्याला म्हटलं, प्रत्येक बशीत एक कप ठेव. ठेवले. एकही बशी रिकामी राहिली नाही, एकही कप उरला नाही. तो थोडा वेळ बघत बसला, मग स्वतःच पुन्हा लांब सरकवून बघितलं. हे असंच चालू द्यायचं, काही महिने लागले तरी. कप-बशीला मी चिंचोक्यांपेक्षा वरचं स्थान देते, कारण कपाची जागा बशीत आहे हे त्याला सांगावं लागत नाही. जोडी त्या वस्तूंतच आहे.

१८ जून

थोरलीसाठी हीर. सगळे एका मापाचे, वीतभर कापले, टोकं घासून घेतली. दहा हीर झाले की रबर लावून जुडी. पहिल्यांदा तिच्या हातानंच जुड्या बांधून घेतल्या. हे महत्त्वाचं वाटतं. तयार जुडी हातात दिली तर ती फक्त एक जाड काडी होते; स्वतः दहा मोजून बांधलेली जुडी सोडली की दहा निघतात याची तिला खात्री असते.

दोन वाट्या. डावीकडे जुड्या, उजवीकडे सुट्या काड्या. सुट्या दहा झाल्या की बांधून डावीकडे जायच्या, उजव्या वाटीत दहा कधीच राहायच्या नाहीत. तेवीस, चोवीस, पंचवीस असं एकेक काडी टाकत गेली. तीसला पोचली तेव्हा उजवी वाटी रिकामी झाली. “आता इथं काय लिहू?” तिनंच विचारलं. शून्य काय काम करतं हे सांगायला याहून चांगली जागा मला मिळाली नसती. वाटी आहे, त्यात काही नाही, पण वाटी काढून टाकायची नाही.

डी.एड. करताना माँटेसरीचं सोन्याच्या मण्यांचं साहित्य पाहिलं होतं: सुटा मणी, दहाची दांडी, शंभरचा चौकोन, हजारचा ठोकळा. सुंदर असतं, महागही असतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढं कोसबाडला बालवाड्या चालवल्या तेव्हा माँटेसरीची दृष्टी ठेवून साहित्य मात्र आजूबाजूचं घेतलं: पानं, बिया, खडे, शंख. वस्तूत दहाचं नातं टिकलं पाहिजे. ते लाकडात आहे की खराट्याच्या हिरात, यानं मुलाला फरक पडत नाही.

२५ जून

आज मण्णेत्तिन अमावास्या. शेजारच्या कन्नड घरात मातीचे बैल करून पूजा होते. त्यांची सात वर्षांची मुलगी मातीचा गोळा घेऊन आमच्याकडे आली आणि तिघांनी मिळून बैल केले. बैलाचे पाय चार, दोन बैलांचे आठ, तीन बैलांचे बारा. धाकटा पाय लावत होता, थोरली बोलत होती. चारचा पाढा आज कुणी शिकवला नाही, तरी झाला.

उरलेल्या मातीचे मणी वळले, हिरानं भोकं पाडली. माळेसाठी शंभर हवेत. वाळताना काही तडकतील म्हणून जास्तीचेच केले.

१ जुलै

माळ ओवली. निम्मे मणी गेरूनं रंगवलेले, निम्मे मातीच्याच काळ्या रंगाचे. दहा लाल, दहा काळे, दहा लाल अशी आलटून पालटून शंभरपर्यंत. प्राथमिक शाळांतून अशी गणितमाळ वापरतात, आमची फक्त मातीची. खिडकीच्या गजांना ताणून बांधली. संख्या सांगितली की त्या मण्यानंतर कपड्याचा चिमटा लावायचा.

अठ्ठेचाळीस सांगितल्यावर थोरली पहिल्या मण्यापासून मोजत आली. शेजारची मुलगी थेट पन्नासच्या सांध्याला गेली आणि दोन मणी मागं आली. दोघींपैकी कुणाला मी काही बोलले नाही. पुढच्या संख्येला थोरलीनंही सांधा शोधला.

३ जुलै

थोरली सत्तावीस लिहायला सांगितलं की ७२ लिहिते. हे तिचंच नाही, मराठी मुलांचं जुनं दुखणं आहे. आपण ‘सत्ता’ आधी म्हणतो आणि ‘वीस’ मागून. लिहिताना मात्र २ आधी येतो. शेजारची मुलगी कन्नडमध्ये ‘इप्पत्तेळु’ म्हणते, म्हणजे वीस आधी आणि सात मागून, लिहितात त्याच क्रमानं. ती ही अदलाबदल करत नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असं वाचन आलं तेव्हा मोठा वाद झाला होता. त्या बदलामागची अडचण खरी आहे असं माझं मत आहे. पण सत्तावीस, अठ्ठावीस ही नावं मुलांच्या कानावर बाजारात, शेतात, आज्जीच्या तोंडी पडणारच, ती टाळून चालणार नाही.

म्हणून क्रम असा ठेवला. आधी वाट्यांकडे बघून मोठ्यानं म्हणायचं: दोन जुड्या, सात काड्या. मग लिहायचं: २७. मग नाव: सत्तावीस. काही वेळानं थोरली म्हणाली, “आई, नाव उलटं हाय, काड्या सुलट्या हाईत.” शेजारच्या मुलीला तिनं सत्तावीस शिकवलं, तिनं हिला इप्पत्तेळु. मधे तीच काड्यांची वाटी.

एकोणतीसचं वेगळं. तिथं नावातच तीस आहे आणि एक उणा आहे. तीन जुड्या मांडायच्या, एक जुडी सोडायची, एक काडी काढून घ्यायची. उरलं ते एकोणतीस. एकोणचाळीस, एकोणपन्नास तिनं स्वतः करून बघितले. नव्व्याण्णवला ही रीत नावात सापडत नाही, तेव्हा ती थबकली. तिथं मी सांगितलं की हे नाव असंच लक्षात ठेवायचं.

९ जुलै

ट्रेचं काम. अंड्यांच्या ट्रेत तीस खळगे असतात, पाचच्या सहा ओळी. दोन-दोन ओळी धरून कापला की दहा खळग्यांचे तीन तुकडे बरोबर पडतात. एक खळगा म्हणजे एक वस्तू, भरला तुकडा म्हणजे दहा. घरातल्या सगळ्या वस्तूंत मला हा ट्रे सर्वांत मोलाचा वाटतो.

आठ अधिक सात. एका तुकड्यात आठ लिंबं, दुसऱ्यात सात. लिंबं खळग्यात नीट बसतात, गडगडत नाहीत, आणि धाकट्याच्या हातात गेली तरी काळजी नाही. थोरलीला पहिल्या तुकड्यात दोन खळगे रिकामे दिसले. दुसऱ्यातून दोन उचलून तिथं ठेवले. दहा आणि पाच. “पंधरा.” बोटांवर मोजलं नाही. हीच बेरीज तिनं चिंचोक्यांवर केली तेव्हा आठ मोजले, सात मोजले, एकत्र केले आणि सगळे पुन्हा मोजले. उत्तर दोन्हीकडे पंधराच, पण चिंचोक्यांनी तिला मोजायला लावलं आणि रिकाम्या खळग्यांनी विचार करायला लावलं. रिकामी जागा दिसणं हाच ट्रेचा गुण.

वजाबाकीही यावरच. तेरातून पाच: भरल्या दहाशेजारी तीन. आधी ते तीन काढ, मग दहातून दोन. आठ खळगे भरलेले राहतात. पंधरातून आठ करताना तिनं वेगळीच वाट काढली, आठही लिंबं भरल्या तुकड्यातून उचलली आणि उरलेली दोन पाचांत मिळवली. ही वाट मी दाखवली नव्हती. तीही बरोबर आहे, आणि पुढं हातच्याच्या वजाबाकीला ती उपयोगी पडते.

१६ जुलै

पाऊस थांबत नाही, राजहंसगड सकाळपासून ढगात. चिंचोके थोडे भाजून दगडावर हलके फोडले. दोन डाळिंब्या सुट्या होतात, एक बाजू पांढरी सपाट, दुसरी तपकिरी. आमच्या लहानपणी सोंगट्या खेळायला हेच फासे होते. दहा अर्धुकं ओंजळीत हलवून टाकायची आणि नुसतं बघून सांगायचं: सहा पांढरी, चार तपकिरी. वहीत लिहायचं. सात-तीन, पाच-पाच, चार-सहा. दहाच्या सगळ्या जोड्या खेळता खेळता पाठ होतात.

थोरलीच्या ध्यानात आलं की पाच-पाच आणि सहा-चार फार वेळा पडतं, सगळी पांढरी कधीच पडत नाहीत. दोन्ही बाजू पडण्याची शक्यता सारखी धरली तर १०२४ वेळांत सरासरी २५२ वेळा पाच-पाच, आणि दहाही पांढरी फक्त एकदा. तिला हे आकडे आता नकोत. “का पडत नसेल?” एवढं विचारून सोडलं.

२९ जुलै, नागपंचमी

तंबिटाचे लाडू वळले. तेरा लाडू चौघांना. थोरलीनं एकेक करून चार ताटल्यांत फिरवले: प्रत्येकी तीन, उरला एक. दुसरा प्रश्न: एका डब्यात चार मावतात, तर तेरा लाडवांना डबे किती? तिनं चार सांगितले, शेवटच्या डब्यात एकच. दोन्ही भागाकारच, पण पहिल्यात माणसं ठरलेली आणि वाटा शोधायचा, दुसऱ्यात गट ठरलेला आणि गटांची संख्या शोधायची. दोन्ही प्रकार वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या वस्तूंवर पुन्हा घ्यायचे.

उरलेल्या एकाचे चार भाग करायला सुरी आणली, पण तंबिट फुटतं. अपूर्णांकासाठी लाडू नको, आणि माझं मत असं की भाकरीही नको. सगळे भाकरीचेच उदाहरण देतात. हातानं मोडलेले भाकरीचे चार तुकडे कधी सारखे नसतात, आणि भाग सारखे असणं हाच अपूर्णांकाचा गाभा आहे. वर्तमानपत्राची घडी चांगली: कडेला कड जुळवून निम्मं, पुन्हा निम्मं म्हणजे पाव, पुन्हा म्हणजे आठवा भाग. त्याहून चांगलं मापटं. ते पुढच्या आठवड्यात.

८ ऑगस्ट

ओसरीवर चादर अंथरून तांदळाचं काम. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. सासूबाई आज शिक्षिका, मी नोंद घेणारी. त्यांच्या हाताखाली ही मापं आयुष्यभर होती, बासमतीची सुगी आली की पायलीनं मोजून कणगी भरायच्या.

थोरलीनं चिपट्यानं शेर भरला. चार चिपटी लागली. “म्हणजे चिपटं म्हणजे पाव शेर,” सासूबाई म्हणाल्या, आणि पाव हा शब्द तिला हातात धरता आला. धाकटा नुसता ओतत राहिला, तेही कामच आहे. लहान भांड्यानं मोठं भरायला जास्त वेळा ओतावं लागतं हे त्याला त्यातूनच कळतं.

मग सासूबाईंनी शिगेचा प्रश्न काढला. माप शीग लावून, म्हणजे कडेच्या वर रास चढवून भरलं तर चार चिपट्यांनी शेर भरून वर तांदूळ उरतो. “धान्य घेताना शीग लावून घ्यायचं, मोजायला शिकताना सपाट करायचं,” असं म्हणून हिरानं वरचा तांदूळ काढून दाखवला. मापन म्हणजे दर वेळी तीच रीत पाळणं, हे पुस्तकातला धडा इतक्या थोडक्यात सांगत नाही.

संध्याकाळी एक शेर तांदूळ आणि एक शेर चुरमुरे. दोन्ही सारखे? थोरली “सारखे” म्हणाली. कपड्याच्या हँगरला दोन्ही टोकांना पिशव्या बांधून खुंटीला अडकवला. तांदळाची बाजू थेट खाली. मापानं सारखं आणि वजनानं सारखं या दोन गोष्टी आहेत. यावर अजून काही दिवस काम करावं लागेल. आज फक्त नवल वाटलं, तेवढं पुरे.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. दुर्वा निवडायला दोघं बसली. एकवीस दुर्वांची एक जुडी. थोरली दहा, दहा आणि एक अशीच मोजते आता. पाच जुड्या झाल्यावर एकूण दुर्वा किती ते तिनं हिरांवर मांडून काढलं: दहा दशकं म्हणजे शंभर, आणि पाच सुट्या. एकशे पाच. धाकट्यानं लाल फुलं आणली, “पाच आण” म्हटल्यावर पाचच, एका खेपेत. मोजून झाल्यावर “किती?” विचारलं तर पुन्हा मोजलं नाही, “पाच” म्हणाला.

९ सप्टेंबर

वस्तू किती दिवस हातात ठेवायच्या? ब्रूनर या मानसशास्त्रज्ञानं आधी हातानं करणं, मग चित्र, मग चिन्ह असा क्रम मांडला. घाई केली तर आकडे पोकळ राहतात. पण वस्तू हातातून सुटलीच नाही तर मूल डोक्यात करायला शिकत नाही, आणि या दुसऱ्या बाजूकडे आपलं लक्ष कमी जातं. म्हणून आता ट्रेवर टॉवेल टाकते. आठ लिंबं तिच्या देखत ठेवली, झाकली, आणखी सहा हातात दिली. “सगळी मिळून?” ती झाकलेल्या ट्रेकडे बघत राहिली, ओठ हलले, “चौदा.” टॉवेल काढून तपासायचं काम तिचंच. चित्रात जुडीला उभी रेघ, सुट्या काडीला टिंब. तेहतीस म्हणजे तीन रेघा, तीन टिंबं. त्याशेजारी आकडा.

आकड्यांचं आपल्या भागात आणखी एक आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर देवनागरी, मोबाइलवर आणि नोटेवर इंग्रजी, बसच्या पाट्यांवर कुठं कुठं कन्नड आकडे. थोरलीनं विचारलं, खरा कुठला? पुठ्ठ्याच्या तीन चिठ्ठ्या केल्या, तीन लिपींत सत्तावीस लिहिलं आणि तिन्ही त्याच दोन जुड्या, सात काड्यांपुढं ठेवल्या. लिपी कुठलीही असो, दशक डावीकडे आणि एकक उजवीकडे. दहाच्या नोटेमागच्या पट्टीत पंधरा भाषांत ‘दहा रुपये’ लिहिलेलं असतं. मराठी आणि कन्नडची ओळ शोधायला दिली. कन्नडची ओळ शेजारच्या मुलीनं दाखवली.

२० सप्टेंबर

आप्पेपात्रात सात खळगे, एका घाण्याला सात आप्पे. दोन घाणे चौदा, तीन घाणे एकवीस. पाढ्यातली संख्या ताटात वाढताना दिसते. इडलीपात्र चारचं: एका ताटलीत चार, ताटल्या चार.

गुणाकारासाठी आणखी एक कोरा ट्रे आणला, हा कापायचा नाही. पाचच्या सहा ओळी. फिरवून ठेवला की सहाच्या पाच ओळी. लिंबू एकही कमी-जास्त झालं नाही. पाच सख तीस आणि सहा पंचे तीस हे पाठ करायला सोपं आहे. ते एकच का, हे फिरवलेला ट्रे दाखवतो.

३ ऑक्टोबर

सासूबाईंना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा ते साडेतीनपर्यंतचे अपूर्णांकांचे पाढे, सगळी येते. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. सोळाचं निम्मं आठ, मग चार, मग दोन, मग एक. चिपटं, मापटं, शेर हीदेखील निम्म्या-निम्म्याचीच उतरंड. आज पैसे आणि वजनं दहाच्या गणितात आहेत, पण घरात दोन्ही साहित्य आहे आणि दोन्ही द्यावं असं मला वाटतं: दहासाठी हीर, निम्म्यासाठी मापटं.

आज दीडकी. “दीड चोक?” सासूबाईंनी विचारलं. थोरलीला दीडकी माहीत नाही. तिनं शेर आणि मापटं घेतलं. एक शेर, एक मापटं, हे दीड शेर. असं चार वेळा पायलीत ओतायला लागली. दुसऱ्या वेळेला म्हणाली, “दोन मापटी झाली, म्हणजे अजून एक शेर. तीन शेर झाले.” तिसऱ्या वेळी पायली भरून तांदूळ बाहेर सांडू लागला, तेव्हा उरलेला सुपात घेतला. शेवटी एक पायली आणि सुपात दोन शेर. “सहा शेर.” “दीड चोक सहा,” सासूबाई म्हणाल्या.

उलट प्रश्नही घेतला: सहा शेर तांदूळ चौघांना, प्रत्येकी किती? तिनं शेर-शेर वाटले, दोन उरले, ते मापट्यानं वाटले. एकेक शेर, एकेक मापटं.

सोमवारी अडीचकी. त्यासाठी आणखी एक मापटं शेजारून मागून आणायला हवं. आमच्याकडे एकच आहे, आणि दोन निम्मी एकमेकांशेजारी भरलेली दिसली की ती ओतायच्या आधीच शेर सांगेल असं वाटतं. धाकट्यासाठी त्याच वेळी सुपात लिंबं आणि ट्रेचा एक तुकडा: सात भरायची आणि रिकामे खळगे किती ते न मोजता सांगायचं.